ओठाला जाग येताना

खालच्या जबड्याच्या हाडातून एक अरुंद बोगदा जातो. जबड्याचा जो भाग कानापुढे उभा चढतो, त्याच्या आतल्या अंगाला तो सुरू होतो, दाढांच्या मुळांखालून पुढे सरकतो आणि हनुवटीच्या जरा बाजूला, उपदाढांच्या खाली, एका लहान छिद्रातून बाहेर उघडतो. या बोगद्यातून एक नस जाते. वैद्यकीय मराठीत तिला मज्जातंतू म्हणतात. बोलताना लोक नसच म्हणतात आणि इथेही तोच शब्द वापरला आहे. रक्त वाहते ती शीर वेगळी. खालचे दात, त्यांच्या पुढची हिरडी, खालचा ओठ आणि हनुवटी यांना लागलेला हात, टोचलेली सुई, उन्हाची झळ, बर्फाचा गारवा, हे सगळे या नसेवरूनच मेंदूपर्यंत पोहोचते. अशी एक नस उजवीकडे असते, एक डावीकडे.

जबड्यावरची बहुतेक मोठी कामे या बोगद्याच्या शेजारी, कधी तर त्याची भिंत फोडूनच करावी लागतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ओठ आणि हनुवटी बधीर होणे हा प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हातून झालेला घोटाळा नसतो. ती या कामाची ठाऊक असलेली जोखीम आहे. अनुभव मात्र चमत्कारिक असतो. दात काढताना दिलेले इंजेक्शन उतरेपर्यंत ओठ जसा जड, सुजलेला, परका वाटतो, तसाच तो आठवडेच्या आठवडे वाटत राहतो. आरशात पाहावे तर सूज नाही, वाकडेपणा नाही. घरच्यांना काहीच दिसत नाही आणि रुग्णाला क्षणभरही विसरता येत नाही.

इथे एक भीती आधीच दूर केली पाहिजे. ओठ बधीर झाला म्हणजे तोंडाला लकवा आला, असे अनेकांना वाटते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस वेगळी आहे. ती कानाखालून निघून गालावर पसरते आणि हाडातल्या या बोगद्यात शिरत नाही. म्हणून बधीर ओठाने हसता येते, शीळ घालता येते, फुंकर मारता येते. हरवते ती फक्त जाणीव. शस्त्रक्रियेनंतर एका बाजूचा ओठ हलतच नसेल किंवा डोळा मिटत नसेल, तर तो प्रकार निराळा. तो डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायला हवा.

जिभेची गोष्ट थोडी वेगळी. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाला जाणीव देणारी नस हाडात नसते. खालच्या अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने, पातळ त्वचेखालून ती जाते. चव नेणारे धागेही तिच्याच सोबतीने चालतात. तिला धक्का बसला की जिभेची एक कड बधीर होते आणि त्या बाजूची चवही फिकी पडते. वरच्या जबड्यावरच्या कामात डोळ्याखालून बाहेर येणारी नस ताणली जाते, तेव्हा गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ सुन्न होतो. या तिन्ही नसा एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. त्या मूळ नसेच्या तीन शाखा असल्यामुळे ग्रंथांत तिला त्रिशाखी हे नाव आहे.

सोलापुरात हा प्रश्न माणसापुढे चार वाटांनी येतो. सर्वांत नेहमीची वाट म्हणजे खालची अडकलेली अक्कलदाढ काढणे. तिथे कायमचा बधिरपणा राहण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे, पण अक्कलदाढा इतक्या जणांच्या निघतात की त्या एकात कुणी ना कुणी असतोच. दुसरी वाट अपघाताची. पुणे–हैदराबाद महामार्ग शहराला लागून जातो आणि दुचाकीवरून पडलेल्या माणसाचा जबडा मोडणे ही इथल्या अपघात विभागाला नवी गोष्ट नाही. हाड बोगद्याच्या रेषेत मोडले, तर शस्त्रक्रियेला हात लागण्याआधीच ओठ बधीर झालेला असतो. नुसते डोके झाकणारे अर्धे हेल्मेट हनुवटी उघडी ठेवते. जबडा वाचवते ते तोंडासमोर पट्टी असलेले पूर्ण हेल्मेट. तिसरी वाट पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा जागेवर आणणाऱ्या शस्त्रक्रियेची, जिच्यासाठी डॉक्टरांकडे जाणारे बहुधा विशीतले असतात. चौथी वाट गाठीची आणि कर्करोगाची. तिच्याविषयी शेवटी.

जबडा मागेपुढे करण्याच्या शस्त्रक्रियेत बधिरपणा इतका का आढळतो, हे तिची रीत पाहिल्यावर कळते. ह्युगो ओबवेगेसर या ऑस्ट्रियन शल्यचिकित्सकाने १९५०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. चेहऱ्यावर व्रण राहू नये म्हणून सारे काम तोंडाच्या आतून होते. जबड्याचा मागचा भाग सुरीने पाव चिरावा तसा उभा, लांबीतून चिरून दोन फळ्या करतात, पुढचा तुकडा हव्या त्या जागी सरकवतात आणि पट्ट्या व स्क्रूंनी घट्ट बसवतात. नस नेमकी त्या दोन फळ्यांच्या मध्ये असते. हात कितीही सराईत असला तरी ती ताणली जाते, दबते, कधी एका फळीपासून सोडवून घ्यावी लागते. त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी ओठ बधीर असणे हीच सर्वसाधारण स्थिती असते. पुढच्या महिन्यांत बहुतेकांची जाणीव बऱ्याच अंशी परतते. काहींच्या ओठावर किंवा हनुवटीवर वर्षानंतरही एखादा सुन्न पट्टा उरतो, आणि वय चाळिशीपुढे असेल तर तो उरण्याची शक्यता वाढते.

किती उरेल हे नसेला झालेल्या इजेवर ठरते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या नसा तपासताना हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९४३ साली इजेच्या तीन पायऱ्या ठरवल्या, आणि आजही डॉक्टर त्याच पायऱ्यांनी बोलतात. पहिल्या पायरीत नस फक्त दबलेली किंवा हिसकलेली असते. तिचे धागे शाबूत असतात, निरोप तेवढा थांबलेला असतो. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ती पूर्ववत होते. दुसऱ्या पायरीत आतले धागे तुटतात, पण त्यांच्या भोवतीची नळी टिकून राहते. तिसरीत सगळी नसच तुटते.

दुसऱ्या पायरीवर काय घडते, हे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण बहुतेक रुग्णांची महिनोन्महिन्यांची वाट तिथूनच जाते. धागा तुटला की मेंदूपासून दूरचा तुकडा मरतो. ऑगस्टस वॉलर याने १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे प्रथम दाखवले. त्यानंतर शाबूत टोकाला नवा कोंब फुटतो आणि जुन्या नळीतून पुढे सरकू लागतो. त्याचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. जबड्याच्या मागच्या भागापासून ओठाच्या कडेपर्यंतचे अंतर सात-आठ सेंटिमीटर धरले, तर रोज न चुकता चालूनही कोंबाला सुमारे अडीच महिने लागतात. त्यात सुरुवातीचे काही आठवडे नुसती साफसफाई आणि तयारी चालते. मग चौथ्या महिन्यात ओठावर पहिली झिणझिणी आली, तर तो उशीर नाही. नस आपल्या चालीने वेळेवरच पोहोचली आहे.

जाग येण्याची तऱ्हाही ठाऊक असावी. ओठ एका सकाळी पूर्वीसारखा झाला, असे सहसा होत नाही. आधी मुंग्या येतात. मग खाज सुटते, पण खाजवले तर नेमकी जागा सापडत नाही. हनुवटीवर टिचकी मारली की ओठात करंट गेल्यासारखे वाटते. बधीर पट्टा कडांकडून आकसत जातो. स्पर्श कळतो, पण तो बोटाचा की कापडाचा हे कळत नाही. पुढे ऊन-गार कळू लागते. या सगळ्या विचित्र संवेदना रुग्णाला घाबरवतात, आणि त्याला धीर देणाऱ्याही त्याच असतात. डॉक्टरांना दाखवाव्यात अशा गोष्टी दोन. तीन महिने होऊनही कणभर फरक नाही, टाचणीची टोचही कळत नाही, ही पहिली. बधिरपणाच्या जागी जळजळ, ठणका किंवा वाऱ्याच्या झुळकीनेही उठणारी कळ आली, ही दुसरी. हे नसेचे दुखणे आहे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना ते दाद देत नाही. त्यासाठी कार्बामाझेपिन, प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसेवर काम करणारी औषधे डॉक्टर ठरवून देतात. ती दुकानातून स्वतःच्या मनाने आणायची नसतात आणि एकाएकी बंदही करायची नसतात.

तोवरचे दिवस काढायचे असतात ते घरात, ताटावर. सोलापुरी ताटात कडक भाकरी असते. पापडासारखी पातळ, खुटखुटीत, महिनोन्महिने टिकणारी. तिच्या धारदार कडेने बधीर ओठ किंवा हिरडी चिरली तरी कळत नाही. रक्ताची चव आल्यावर समजते. जबड्याला पट्ट्या बसवल्यावर हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, चावून खायचे पदार्थ वर्ज्यच असतात, आणि तेव्हा या भागातले जुने पातळ अन्न कामी येते: हुलग्याचे माडगे, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, आंबील. पुढेही काही महिने कडक भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून, पूर्ण भिजवूनच घ्यावी. शेंगाचटणीचा प्रश्न निराळा आहे. तिचे तेलकट कण ओठाच्या कोपऱ्यात आणि हिरडीच्या खाचेत बसून राहतात आणि बसल्याचे कळत नाही. प्रत्येक घासानंतर जीभ फिरवणे, जेवताना शेजारी ओला रुमाल ठेवणे, उठल्यावर खळखळून चूळ भरणे, या सवयी लावून घ्याव्या लागतात. ज्यांची नस जागी होत आहे त्यांच्यातल्या काहींना तिखट पूर्वीपेक्षा जास्त झोंबते. ते काही दिवस चालते.

सर्वांत जास्त जपायचे ते गरम वस्तूंपासून. बधीर ओठाला चटका कळत नाही आणि चहाच्या एका घोटाने फोड येतो. कप थेट खालच्या ओठाला लावण्याआधी बोटाने किंवा वरच्या ओठाने अंदाज घ्यावा. वरच्या ओठाची नस वेगळी असल्याने तो बहुधा खरे सांगतो. चहा बशीत ओतून पिण्याची आजोबांची रीत या काळात अगदी योग्य ठरते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला शेवटच्या झुरक्याला ओठ भाजल्याचे समजत नाही. तंबाखू तर जखम भरण्याच्याच आड येते, मग ती विडीतली असो, माव्यातली असो की मिश्रीतली. ती सोडायला याहून योग्य वेळ मिळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा ओठ सुकून फाटतो आणि फाटल्याचेही कळत नाही. दिवसातून दोन-तीनदा साजूक तुपाचे बोट फिरवावे.

चारचौघांत जेवणे काहींना फार जड जाते. हनुवटीवर आमटीचा ओघळ आलेला असतो आणि समोरचा पाहत असतो. लाळ आल्याचे कळत नाही. दाढी करताना पाते कुठे लागले ते रक्त दिसल्यावर कळते. पोराने घेतलेला पापा, नवरा-बायकोतली जवळीक, यांतला स्पर्श हरवतो, आणि ते दुःख खरे असते, क्षुल्लक नसते. ‘जबडा वाचला ना, मग ओठाचे काय घेऊन बसलास’ असे घरात म्हटले जाते तेव्हा रुग्ण बोलायचा थांबतो. घरच्यांनी एवढे केले तरी पुष्कळ: जेवताना हनुवटीकडे बोट दाखवण्याची एक ठरलेली खूण असावी, म्हणजे न बोलता पुसून घेता येते.

जाणीव परतताना मेंदूलाही शिकावे लागते. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो, त्यात ओठांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा आहे. नस भरून येताना निरोप कमी आणि चुकीच्या पत्त्याने येतात. ते नव्याने वाचायला शिकवण्याचा व्यायाम घरी करता येतो, आणि त्याचे साहित्य सोलापुरात घरोघरी आहे. आरशासमोर बसावे. टर्किश टॉवेलचा खरखरीत कोपरा, जुन्या धोतराचे मऊ कापड, कापसाचा बोळा, मऊ ब्रश, यांतली एक वस्तू घेऊन आधी शाबूत जागेवर फिरवावी, लगेच तशीच बधीर जागेवर. कधी वरून खाली, कधी आडवी. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. कोणत्या दिशेने आणि कोणते कापड, हे ओळखायचा प्रयत्न करावा. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटे, कित्येक महिने. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात असे व्यायाम करणाऱ्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत. व्यायाम करणाऱ्यांना उरलेल्या बधिरपणाचा जाच कमी वाटला, असे त्यांत दिसले. नस त्याने लवकर वाढत नाही. माणूस लवकर सावरतो.

गोळ्यांविषयी स्पष्ट बोलायला हवे. बी-१२च्या गोळ्या जवळपास प्रत्येकाला दिल्या जातात. शाकाहारी माणसांत या जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे पुष्कळ आढळते, आणि कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. पण शरीरात ते पुरेसे असताना जास्तीच्या गोळ्यांनी तुटलेला धागा वेगाने वाढतो, असा भक्कम पुरावा नाही. मधुमेह ताब्यात ठेवणे त्याहून महत्त्वाचे, कारण वाढलेली साखर नसांच्या मुळावर उठते. तेलाने जोरात चोळणे, शेकणे, गरम पिशवी धरणे हे पूर्ण टाळावे. बधीर कातडीला भाजल्याचे कळत नाही.

काही प्रसंगी वाट पाहणेच चुकीचे ठरते. दाढ काढल्यावर किंवा दात बसवण्यासाठी हाडात स्क्रू घातल्यावर इंजेक्शनचा परिणाम चार-पाच तासांत उतरायला हवा. दुसऱ्या सकाळीही ओठ बधीर असेल, तर लगेच फोन करून दवाखाना गाठावा. स्क्रू नसेवर टेकला असेल किंवा दाताच्या मुळात भरलेले औषध बोगद्यात उतरले असेल, तर ते पहिल्या एक-दोन दिवसांत काढण्यात फायदा असतो. नस पूर्ण तुटली असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती जोडता येते किंवा मधली तूट दुसऱ्या नसेच्या तुकड्याने सांधता येते. हे काम ठरावीक मोठ्या केंद्रांतच होते आणि पहिल्या सहा महिन्यांत केलेले जास्त फळते. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला इतके महत्त्व आहे. ती चुकवायची नाही.

तपासणी म्हणजे यंत्र नव्हे. कापसाचा धागा, टाचणी, गार-गरम पाण्याच्या नळ्या आणि दोन टोके असलेला कंपास एवढ्यावर ती होते. डॉक्टर बधीर भागाच्या कडेने पेनने रेघ मारतात आणि फोटो काढून ठेवतात. पुढच्या वेळी नवी रेघ जुन्या रेघेच्या आत आली, तर नस चालते आहे. हा फोटो रुग्णाच्या फोनमध्येही असावा. शस्त्रक्रियेच्या आधीही हीच तपासणी व्हावी, विशेषतः अपघातात, नाहीतर बधिरपणा हाड मोडल्याने आला की नंतर, हे कुणालाच सांगता येत नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या संमतिपत्रात या बधिरपणाचा उल्लेख असतो. पण सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे गल्लोगल्ली आहेत आणि इंग्रजी अर्जावर सही केल्याने समजूत पटत नाही. मराठीत मुंग्या किंवा बधीर, तेलुगूत ‘तिम्मिरी’, कन्नडात ‘जोमु’: ज्या शब्दाने माणूस घरी बोलतो, त्याच शब्दाने त्याला विचारले आणि सांगितले पाहिजे. रुग्णानेही स्वतःहून विचारावे. माझ्या एक्स-रेमध्ये दाढेची मुळे बोगद्याला किती जवळ आहेत? जवळ असतील तर त्रिमितीय स्कॅन हवा का? नुसता दाढेचा वरचा भाग काढून मुळे तशीच ठेवता येतील का? बधिरपणा राहिला तर मी कुणाकडे यायचे? हे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. केगावचे पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालय असो, १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की खासगी दवाखाना, या प्रश्नांची उत्तरे मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

राहिली चौथी वाट. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे आणि त्याचे मूळ बहुतांशी तंबाखू-सुपारीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणीही १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. कर्करोगासाठी जबड्याचा भागच काढावा लागतो, तेव्हा नसही त्यासोबत जाते. तो बधिरपणा बहुधा कायमचा असतो आणि रुग्णाला ते आधी स्वच्छ सांगणेच योग्य. खर्चाच्या भीतीने शस्त्रक्रिया लांबवू नये. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते, आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात.

या वाटेवर बधिरपणा कधी कधी शस्त्रक्रियेच्या आधीच येतो. जबड्यात वाढणारी गाठ नसेवर दाब देते आणि दुखण्याच्या आधी ओठ सुन्न होतो. मार लागलेला नाही, दाढ काढलेली नाही, इंजेक्शन घेतलेले नाही, आणि तरी खालच्या ओठाची किंवा हनुवटीची एक बाजू बधीर झाली असेल, तर ‘नस दबली असेल’ म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात तोंड तपासून घ्यावे आणि जबड्याचा एक्स-रे काढावा.